तुटपुंज्या पैशांत घरभराचा सकस स्वयंपाक: पहिल्या महिन्याची वाट

खर्चाला कात्री लावायची वेळ आली की बहुतेक घरांत आधी भाज्या, फळं आणि डाळी कमी होतात आणि त्यांची जागा जास्तीचा भात, पोळी किंवा पाव घेतो. पोट भरतं, पण दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि मग बिस्किटांवर, तळलेल्या पुड्यांवर वाचवलेले पैसे निघून जातात. खरी गळती दुसरीकडेच असते: फ्रीजच्या तळाशी सडलेल्या भाजीत, थकलेल्या संध्याकाळी बाहेरून मागवलेल्या जेवणात, आणि किलोचा भाव कमी म्हणून घेतलेल्या पण निम्मा कचऱ्यात जाणाऱ्या मालात. आधी ही गळती बुजवा, मग काटकसरीचं बघू.

खालची मापं दोन मोठी माणसं आणि दोन वाढती मुलं अशा चौघांसाठी धरली आहेत. घरात कुणाला मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर डाळी, मीठ आणि फळांची प्रमाणं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आधी काय हवं

यादी छोटी आहे, आणि छोटीच राहू द्या.

- स्वयंपाकघराचा वजनकाटा. साधा, ग्रॅम दाखवणारा.
- प्रेशर कुकर. कडधान्य रोज शिजणार असेल तर इंधनातच त्याचे पैसे निघतात.
- जाड बुडाचं, झाकणाचं मोठं पातेलं.
- धार असलेली एक सुरी. बोथट सुरीने भाजी चिरायचा कंटाळा येतो आणि भाजी पडून राहते.
- उथळ, झाकणाचे सात-आठ डबे, चिकटपट्टी आणि मार्कर.
- एक वही.

एअर फ्रायर, चॉपर, खास भांडी यांपैकी पहिल्या महिन्यात काहीही घेऊ नका.

१. पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा

रोज तीन गोष्टी वहीत टिपा: खाण्यावर काय खर्च झाला, काय टाकून दिलं, आणि ठरलेलं जेवण का झालं नाही. टाकलेल्या पदार्थापुढे कारण लिहा: जास्त शिजलं, विसरलं, आवडलं नाही, सडलं. प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा असतो. भात रोज उरत असेल तर तांदूळ मोजून घ्यायला हवेत. पालेभाजी सडत असेल तर ती खरेदीनंतर दोन दिवसांत शिजायला हवी. आणि ‘आवडलं नाही’ हे सारखं येत असेल तर अडचण पैशांची नाही, चवीची आहे. त्यासाठी सातवी पायरी पाहा.

२. भाव किलोला नाही, ताटाला काढा

किलोचा भाव फसवा असतो, कारण सगळं किलोभर पोटात जात नाही. शेंगांसकट एक किलो वाटाणे घेतले तर दाणे साधारण ३५० ते ४०० ग्रॅमच निघतात. पानं आणि दांड्यासकट घेतलेल्या फुलकोबीचा जवळजवळ निम्मा भाग बाजूला जातो. कोबीचा मात्र थोडासाच भाग वाया जातो, आणि सालीसकट शिजवलेला बटाटा सगळाच खाल्ला जातो. म्हणून दिलेले पैसे खाण्याजोग्या वजनाने भागा. हा हिशेब प्रत्येक वस्तूसाठी एकदाच करायचा आहे. चार-पाच वस्तू झाल्या की नजर तयार होते. गोठवलेले वाटाणे महाग वाटतात, पण या हिशेबाने पुष्कळदा ताज्या शेंगांपेक्षा स्वस्त पडतात. पोषणातही ते कमी नसतात, कारण तोडणीनंतर लवकर गोठवलेले असतात.

प्रथिनांसाठी दुसरा हिशेब लागतो, कारण सकस जेवणात सगळ्यात महाग पडतात ती प्रथिनंच. १० ग्रॅम प्रथिनांसाठी साधारण इतकं लागतं:

- कोरडी मसूर किंवा मूग: ४० ते ४५ ग्रॅम
- कोरडे चणे: ५० ग्रॅम
- सोयाबीनच्या कोरड्या वड्या: २० ग्रॅम
- शेंगदाणे: ४० ग्रॅम
- अंडी: पावणेदोनच्या आसपास
- दूध: ३०० मिली
- हाडं काढलेलं कच्चं चिकन: ४५ ग्रॅम

तुमच्या बाजारातले भाव या यादीपुढे लिहा आणि प्रत्येक ओळीचा खर्च काढा. बहुतेक ठिकाणी सोयावड्या आणि डाळी सगळ्यात खाली येतील, अंडी मध्ये, चिकन वर. शेंगदाणे स्वस्त दिसतील, पण त्यांत जवळजवळ निम्मं तेल असतं. ते मुख्य पदार्थ म्हणून नको, वरून घालायला उत्तम.

दुकानात फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त नसतं, म्हणून १०० ग्रॅमचा भाव काढून पाहा. सालासकट धान्याचं पीठ, ओट्स, शेंगदाणे यांतलं तेल हवेने खवट होतं. ते महिनाभरात संपेल इतकंच घ्या. दळलेले मसालेही तसेच, वास गेला की चमचे वाढत जातात. मात्र तांदूळ आणि डाळी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात महिनोन्‌महिने टिकतात, तिथे मोठी खरेदी परवडते. ‘बहुधान्य’, ‘पौष्टिक’ असं पुड्यावर ठळक छापलेलं असेल तर मागे घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. पहिलं नाव मैद्याचं आणि दुसरं साखरेचं असेल तर पुढे काय आहे याने फारसा फरक पडत नाही.

३. रोजचा मेनू ठरवू नका, साचा ठरवा

सोमवारी अमुक, मंगळवारी तमुक असा तक्ता बुधवारपर्यंत मोडतो, कारण बाजारात स्वस्त काय मिळेल हे आधी माहीत नसतं. त्याऐवजी एका जेवणाचा साचा ठरवा आणि त्यात जे स्वस्त मिळेल ते बसवा. चौघांच्या एका जेवणासाठी:

- कोरडं धान्य (तांदूळ, कणीक, दलिया, पास्ता): ३०० ग्रॅम
- कोरडी डाळ किंवा कडधान्य: १८० ग्रॅम
- निवडून, चिरून तयार भाजी: ६०० ग्रॅम, शक्यतो दोन रंगांची
- तेल: अडीच मोठे चमचे, म्हणजे ४० मिलीच्या आत
- मीठ: सगळ्या पदार्थांत मिळून एक सपाट छोटा चमचा

हे पुरतं का, ते तपासू. मोठ्या माणसाला दिवसाला शरीराच्या दर किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ५०. वरच्या साच्यात एकाच्या वाट्याला ७५ ग्रॅम धान्यातून ५ ते ८, ४५ ग्रॅम डाळीतून १०-११ आणि भाजीतून २-३, असे साधारण १८ ते २० ग्रॅम येतात. दोन जेवणांचे झाले ३६ ते ४०. उरलेले दहा ते चौदा ग्रॅम न्याहारीत एक अंडं आणि पेलाभर दुधातून भागतात. मांस न खाता हिशेब जुळतो. फक्त जीवनसत्त्व ब-१२ वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. दूध, दही, अंडी यांपैकी काहीच खात नसाल तर ते बाहेरून घ्यावं लागतं.

धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या घटकांपैकी एक) कमी असतं आणि डाळीत मेथिओनिन. दोन्ही मिळून उणीव भरून निघते. ती एकाच ताटात असली पाहिजेत असं नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झालं.

भाज्या-फळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅमचा आहे, बटाटा त्यात न धरता. दोन जेवणांत १५०-१५० ग्रॅम भाजी आणि वर एखादं फळ, एवढ्यात तो पुरा होतो. फळ म्हणजे फळच. पुडक्यातल्या रसात पैसे जास्त जातात, चोथा जातो आणि साखर तेवढी राहते.

तेल चमच्याने मोजून घाला. बाटलीतून थेट ओतलेलं तेल नेहमी अंदाजापेक्षा जास्त पडतं आणि एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात. मिठाची दिवसाची मर्यादा माणशी ५ ग्रॅमच्या आत आहे, त्यात पाव, सॉस, चीज आणि पुड्यांतलं मीठही आलं. म्हणून स्वयंपाकात सपाट चमच्याचं माप पाळायचं.

४. कडधान्य नीट शिजवायला शिका

या महिन्यात एकच कौशल्य शिकायचं असेल तर हे शिका. डबाबंद शिजवलेल्या चण्यांशी तुलना केली की कारण कळतं. ४०० ग्रॅमच्या डब्यातून पाणी काढल्यावर हातात साधारण २४० ग्रॅम चणे राहतात. ५०० ग्रॅम कोरडे चणे शिजून ११०० ते १२०० ग्रॅम होतात, म्हणजे जवळजवळ पाच डबे. पाच डब्यांची किंमत आणि अर्ध्या किलोच्या पाकिटाची किंमत शेजारीशेजारी लिहून पाहा.

भिजवणं: ५०० ग्रॅम चणे निवडून, धुऊन, दोन लिटर पाण्यात ८ ते १२ तास ठेवा. पाण्यात दोन छोटे चमचे मीठ घाला. मिठाने कडधान्य कडक राहतं हा समज चुकीचा आहे. उलट साल मऊ होते. फार उकाडा असेल तर भांडं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर पाणी आंबून फेस येतो. शिजवायच्या आधी हे पाणी टाका आणि दाणे धुवा, त्यामुळे पोटात गॅस धरणाऱ्या काही शर्करा निघून जातात.

शिजवणं: कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. कडधान्याचा फेस वर चढून वाफेचं छिद्र बुजवू शकतो, आणि ते धोक्याचं आहे. दाण्यांवर दोन बोटं पाणी, एक चमचा तेल. पूर्ण दाब आला की आच कमी करा आणि भिजलेल्या चण्यांना १५ ते २० मिनिटं द्या. दाब आपोआप उतरू द्या. जबरदस्तीने वाफ काढली की साली फाटतात. मसुरीला भिजवणं लागत नाही, ती साध्या पातेल्यात २०-३० मिनिटांत शिजते. संध्याकाळी काहीच तयारी नसेल तर तिच्यासारखा आधार नाही.

शिजलं का ते एका दाण्यावरून ठरवू नका. वेगवेगळ्या जागचे पाच दाणे काढा आणि अंगठा-तर्जनीत दाबा. पाचही लोण्यासारखे चेपले पाहिजेत. एखाद्याच्या पोटात पांढरा, पिठूळ ठिपका दिसला तर आणखी पाच मिनिटं द्या.

शिजतच नसेल तर कारण बहुधा या तिघांतलं एक असतं. दाणे फार जुने असतात, आणि असे दाणे कितीही शिजवले तरी टणकच राहतात. पुढच्या वेळी दुकान बदला. पाणी जड असतं. मग अर्ध्या किलोला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा चालेल, त्याहून जास्त नको, कारण चव साबणासारखी होते आणि जीवनसत्त्व ब-१ नष्ट होतं. किंवा टोमॅटो, चिंच, लिंबू आधीच पडलेलं असतं. आंबट नेहमी दाणे मऊ झाल्यावरच घालायचं, कारण आम्लामुळे दाण्याच्या पेशींमधला बंध सुटत नाही.

राजम्याबाबत ढिलाई नको. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे काही तासांत जोराच्या उलट्या-जुलाब होतात आणि त्याला मोजके दाणेही पुरतात. राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी टाका, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा (अर्धा तास उकळला तर उत्तम) आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट कधीच टाकू नका. तिथलं तापमान पुरेसं चढत नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो.

शिजलेले दाणे पाव-पाव किलोचे भाग करून, पिशवीत चपटे पसरून गोठवा. चपटी पिशवी लवकर गोठते, लवकर सुटते आणि कमी जागा घेते. डब्यात गोळा करून गोठवलं तर बुधवारी संध्याकाळी सुरी घेऊन बर्फ फोडत बसावं लागतं, आणि बाहेरचं जेवण मागवलं जातं ते अशाच वेळी.

५. भाजी: नाजूक आधी, टिकाऊ नंतर

आठवड्याची भाजी एकदाच घेतली तरी चालते, फक्त शिजवण्याचा क्रम पाळा. पालेभाज्या आणि मशरूम पहिल्या दोन दिवसांत, मग वांगी, फुलकोबी, ढोबळी मिरची, आणि शेवटी कोबी, गाजर, बीट, भोपळा. पैसे कमी पडलेल्या आठवड्यात शेवटच्या गटातच खरेदी करा. वाया जात नाही.

पालेभाजी धुऊन ओलीच ठेवली की दोन दिवसांत चिकट होते. न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पिकलेली केळी, सफरचंदं आणि टोमॅटो तिच्यापासून लांब ठेवा. त्यांतून निघणाऱ्या एथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात. बटाटे अंधारात आणि हवेशीर जागी. हिरवा पडलेला भाग आणि कोंब खोलवर कापून टाका, सगळाच हिरवा असेल तर बटाटा टाकूनच द्या.

भाजी मोठे तुकडे करून, कमी पाण्यात, झाकण ठेवून शिजवा. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतलं की क जीवनसत्त्व मोरीत जातं. जेवताना डाळीवर लिंबू पिळा: क जीवनसत्त्वामुळे डाळी-पालेभाज्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. चहा-कॉफी मात्र जेवणानंतर तासाभराने घ्या, नाहीतर तेच लोह अडतं.

६. जास्तीचं शिजवलेलं सुरक्षित ठेवा

एकदा शिजवून दोनदा खाण्यात वेळ आणि इंधन वाचतं, पण साठवण चुकली तर औषधाचा खर्च होतो. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, आणि खोलीत ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एका तासात. मोठं गरम पातेलं तसंच आत ढकलू नका. मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. उथळ डब्यांत दोन इंचांपेक्षा कमी थर करा. फ्रीजचं तापमान ५ अंशांच्या आत हवं. डब्यावर पदार्थाचं नाव आणि तारीख लिहिलेली पट्टी लावा. तीन-चार दिवसांत संपवा.

भाताला यापेक्षा कडक नियम लावा. तांदळात बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. भात तासाभरात गार करून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. एकदाच, आणि वाफा निघेपर्यंत गरम करा.

फ्रीज नसेल तर एका जेवणापुरतंच शिजवा. तयारी पुढे ढकलता येते ती कोरडी: डाळी निवडून मापाने पुड्या बांधून ठेवा आणि मसाला भाजून कुटून ठेवा.

७. चव आली तरच हे टिकेल

सकस जेवण बेचव लागण्याची कारणं मोजकी आहेत. कांदा घाईत परतला जातो. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं देऊन तो तांबूस होईपर्यंत थांबा, तिथे गोडवा तयार होतो. मसाला पाण्यात पडतो. तो आधी तेलात अर्धा मिनिट परतायला हवा, कारण त्यातला बराचसा स्वाद तेलातच उतरतो. आणि सगळं करून पदार्थ मिळमिळीत लागला तर मीठ वाढवण्याआधी थोडं आंबट घालून पाहा. पुष्कळदा उणीव आंबटाची असते.

८. मुलांच्या ताटात

नवी भाजी मुलं पहिल्यांदा नाकारतात. तीच भाजी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर पुष्कळ मुलं ती खायला लागतात, पण प्रत्येक वेळी वाटीभर वाढली तर वाटीभर टाकावी लागते. एक चमचा वाढा, आग्रह करू नका, आणि वेगळं जेवण बनवून देऊ नका. एका वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. त्याच्या जेवणात मीठ-साखरही नको, म्हणून त्याचा वाटा मीठ घालण्याआधीच काढून ठेवा. पाच वर्षांच्या आत अख्खे शेंगदाणे नकोत, कूट करून द्या.

९. पैसे संपत आले की काय आधी कापायचं

क्रम आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण त्या आठवड्यात डोकं शांत नसतं. आधी गोड पेयं, बिस्किटं, तयार पुडे आणि बाहेरचं खाणं. मग मांस, त्याच्या जागी अंडी किंवा सोयावड्या. मग महाग भाज्या आणि फळं. त्यांच्या जागी कोबी, गाजर, भोपळा आणि मोसमातलं सगळ्यात स्वस्त फळ. मुलांचं दूध-अंडं आणि घराची डाळ या यादीत सगळ्यात शेवटी. तिथपर्यंत वेळ आली तर धान्य २५० ग्रॅमवर आणा, पण डाळीचे १८० ग्रॅम तसेच ठेवा आणि तिच्यात मूठभर चिरलेला कोबी शिजवा.